बार उडायचा न्हाई

१ जानेवारी १९७५, बुधवार. उंब्रज

जंताच्या औषधाच्या कंपनीनं आमच्या गुरांच्या दवाखान्याला फुकट डायऱ्या दिल्या. एक डॉक्टरसाहेबांनी उचलली, एक माझ्या वाट्याला आली. प्रत्येक पानावर खाली मेंढीचं चित्र आहे. रोज लिहीनच असं नाही. काही घडलं तर लिहीन, नाही घडलं तर मेंढी बघत बसेन.

आज मात्र घडलं. सांगलीला जाऊन बुलेटला नवा सायलेन्सर बसवून आणला. जुना गंजून रस्त्यात गळून पडला होता. दुकानदार म्हणाला, कंपनीचा माल कधी येईल सांगता येत नाही, हा घे, हलका आहे, गाडी सुसाट पळेल. हातात घेऊन आत डोळा लावला तर पलीकडं दुकानदाराचं पोट दिसलं. म्हणजे सायलेन्सर हे नुसतं नाव. खरी ती पुंगळी. आत काहीच नाही.

पण किक मारली आणि आयला, काय तो आवाज! छाती भरून आली. इस्लामपुरात चौकातला हवालदार शिट्टी तोंडात धरून नुसता बघत राहिला. आणि उताराला रेसची मूठ सोडली की मागनं धडाम् करून बार उडतो, तो वेगळाच. दवाखान्याच्या दारात गाडी लावली तेव्हा आमचा शिपाई सयाजी बाहेर पळत आला आणि म्हणाला, "आरं अर्जुना, मिलिटरीत भरती झालास का काय? तोफच आणलीयास की!"

मी म्हटलं, स्टॉकमनला तोफ लागतेच. जनावरांना कळायला नको, डाक्टर आला म्हणून?

५ जानेवारी, रविवार

कळलं. जनावरांना चांगलंच कळलं.

आज कोंडीबामामांच्या मेंढरांना देवीची लस टोचायची होती. मामा आमच्या आईच्या गावचे, लांबच्या नात्यातले. दिवाळी झाली की दरसाल कळप घेऊन आटपाडीकडच्या कोरड्या मुलखातून इकडं येतात. इथले शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. सध्या त्यांचा वाडा तारळी नदीच्या काठच्या रानात आहे. काट्यांचं कुंपण, दोन पालं, आणि सगळीकडं मेंढरं.

डायरी माझी आहे, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. लस हे निमित्त. मामांची मुलगी हरणाबाई तिथं आहे, म्हणून मी तो वाडा यादीत सगळ्यांत वर घातला. ती मला आवडते. नुसती आवडते असं नाही, तिच्याशीच लग्न करायचं आहे. आधी मामांच्या मनात भरायचं, मग आईला आटपाडीहून बोलावून रीतसर विचारायचं, असा माझा बेत आहे. हरणाबाईच्या मनात काय आहे ते मला काही उमगत नाही. पण पोरगी भलतीच शिस्तीची. मी कधीही जावं, हिची वेणीफणी झालेली, हातात पाण्याचा तांब्या तयार, आणि उभी असते ती बरोबर कुंपणाच्या तोंडाशी. इतका टापटीपपणा मी आमच्या ट्रेनिंगलासुद्धा पाहिला नाही.

आज तारळीच्या पुलावरून खाली वळलो, मूठ सोडली आणि बार उडाला. पुढं जे झालं ते लिहवत नाही. सगळा कळप कुंपण मोडून जो उधळला तो थेट शेजारच्या उसात. एक गाभण मेंढी पाटात पडली. मामा काठी घेऊन माझ्याच अंगावर धावले.

"आरं ही मेंढरं हायत, रणगाडं न्हाईत! गाभडली म्हंजे? तुझी पुंगळी देणार हाय का कोकरं?"

मी म्हटलं, "मामा, चुकलं."

"चुकलं तर चुकलं. पैला ह्यो आवाज बंद कर. तवर हिकडं फिरकायचं न्हाई. आवाज बंद झाला की ये. मग तुझ्यासंगं आनीक बी येक बोलायचं हाय."

आणखी काय बोलायचं आहे कोण जाणे. बहुतेक त्यांच्या कळपातल्या लंगड्या बोकडाचं असणार.

उसातनं मेंढरं हाकलून आणता आणता हरणाबाई माझ्या जवळनं गेली आणि हळूच म्हणाली, "आवाज तसा ब्येस हाय. पुलावर असतानाच कळतंय." माझं मन राखायला बोलली बिचारी. इतकं नुकसान होऊनही. स्वभावच चांगला.

९ जानेवारी, गुरुवार

आज गिरणीत हरणाबाई भेटली. जोंधळे दळायला आली होती. मी तिला सगळी अडचण सांगितली, पुंगळी आतून कशी मोकळी आहे, आवाज कसा सरळ बाहेर येतो. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "घोंगड्यात तोंड घालून वरडलं तर भायेर ऐकू जातंय का?"

"न्हाई."

"मग?" असं म्हणून तिनं कमरेच्या पिशवीतनं मूठभर काळी लोकर काढली आणि माझ्या हातात दिली. "ही कोंबा आत."

मला वाटलं, वा! इतकं सोपं आणि आपल्या डोक्यात आलं नाही. दवाखान्यात येऊन तारेनं बांधून लोकर पुंगळीत ठासली. किक मारली. खरंच आवाज निम्म्याहून कमी! स्टँडपर्यंत राजासारखा गेलो. तिथं मागनं धूर यायला लागला. मग वास. जळक्या केसांचा वास काय असतो ते ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत. स्टँडवरची माणसं नाकाला पदर, टोप्या, हाताला येईल ते लावून पांगली. परत आलो तर डॉक्टरसाहेब दारात उभे. "अर्जुना, कुठलं मेलेलं जनावर जाळतोयस रे? आधी माझी सही घ्यायची असते."

सयाजी पोट धरून जमिनीवर बसला.

हरणाबाईला यातलं काही सांगायचं नाही असं ठरवलं आहे. थोडी लोकर उरली, ती शर्टाच्या खिशात ठेवली. उगाच. मऊ आहे.

१२ जानेवारी, रविवार. कराड

कराडला स्टँडमागं नाथाजीचं लेथ आणि वेल्डिंगचं दुकान आहे. नाथाजी बोलतो फार. काम त्याहून जरा कमी करतो, पण करतो. त्यानं पुंगळीला तोंड लावून "ओऽ" केलं, कान लावून ऐकलं आणि मान हलवली.

"ह्यात काय न्हाईच की गड्या. हवा सरळ पळत सुटली की वरडणारच. तिला बोळाबोळातनं फिरवायची. दमून भागून गुमान भायेर येती."

त्याची युक्ती अशी. पुंगळीच्या आत बसेल अशी बारकी नळी घ्यायची. तिला अंगभर भोकं पाडायची. इंजिनाकडचं तोंड बंद करायचं, म्हणजे हवेला भोकांतूनच घुसावं लागेल. नळीभोवती लेथवर निघणाऱ्या लोखंडाच्या कुरळ्या चुऱ्याची गादी, वर तारेची जाळी. लोखंड असल्यामुळं जळायचं काम नाही. त्याला बॅफल म्हणतात म्हणे. सयाजीनं संध्याकाळपर्यंत त्याचं बाफळ केलं.

नाथाजी छातीवर हात मारून म्हणाला, "ह्या नाथाजीची नळी घातल्यावर तू शेजारी हुबा ऱ्हायलास तरी तुला कळायचं न्हाई गाडी चालू हाय का बंद."

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

नाथाजीचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं. गाडी चालू आहे का बंद कळेना, कारण ती सारखी बंदच पडत होती. आवाज गेला, पण त्याबरोबर गाडीचा जीवही गेला. सपाटीला सायकलवाला पुढं गेला. जाता जाता त्यानं मला तिळगूळ दिला, मी गाडीवर बसल्या बसल्या घेतला, इतका सावकाश चाललो होतो. चढाला तर उतरून ढकलावी लागली.

सगळा राग नाथाजीवर काढायचं ठरवून झोपतो.

१९ जानेवारी, रविवार

आज नाथाजीशी भांडलो. तो म्हणाला, तुझ्या गाडीतच दम नाही. मी म्हटलं, तुझ्या नळीनं तिचा गळा दाबलाय. शेवटी त्यानं बंद केलेल्या तोंडाला मधोमध एक भोक पाडलं, बाकीची भोकंही मोठी केली, आणि चहा सांगितला. चहा पिता पिता दोघंही निवळलो.

गाडी सुरू केली. आहा! बुलेट खऱ्या बुलेटसारखी बोलायला लागली. डग डग डग डग, गोड, खालच्या सुरात. मी आनंदानं कराड सोडलं. पुढं मूठ सोडल्याबरोबर मागनं बार उडाला आणि नाथाजीची नळी पुंगळीतनं सुटून मागच्या बैलगाडीतल्या उसाच्या मोळीत जाऊन रुतली. गाडीवान ओरडला, "आरं बाबा, ऊस माझा न्हाई, कारखान्याचा हाय! मला कशापायी गोळी घालतुयास?"

माफी मागून नळी काढून घेतली, गरम होती, बोटं पोळली. परत कराड. नाथाजी आधी हसला, मग लाजला. मग त्यानं पुंगळीला आरपार भोक पाडून नळीसकट बोल्ट मारला. इंजिनाजवळ जोडातनं पुंगळी हवा खात होती, बार त्यानंच उडत होते. तिथं ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळून आवळून टाकलं.

"आता नळी बी भायेर येत न्हाई आनि बार बी उडत न्हाई," नाथाजी म्हणाला. "ही गाडी आता देवळात नेलीस तरी चालंल."

येताना मी गाणं म्हणत आलो, आणि मला माझं गाणं ऐकू आलं. गाडीवर बसून हे पहिल्यांदाच.

२१ जानेवारी, मंगळवार

जिंकलो! पुलावरनं उतरलो, कुंपणापर्यंत गेलो, एक मेंढी हलली नाही. एकीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि परत चरायला लागली. मामांनी गाडीभोवती एक फेरी मारली, पुंगळीला काठी लावून बघितली. मामी, म्हणजे धोंडुबाई, म्हणाल्या, "पोरानं बोललं ते केलं बगा." सगळ्या कळपाला लस टोचून झाली. मामींनी चहात मेंढीचं दूध घातलं होतं. दोन कप प्यालो.

एकच गोष्ट बिघडली. हरणाबाई आज कुंपणाशी नव्हती. पालाच्या मागं चुलीपुढं बसली होती, केस मोकळे, गालाला राख. मला बघितलं आणि दचकून उठली, पाण्याचा तांब्याच कलंडला.

"आवं, ही काय रीत झाली? मानसानं येताना कळवून यावं!" एवढं बोलून आत पळाली ती बाहेर आलीच नाही.

तिचं बरोबर आहे. सरकारी माणसानं आगाऊ सूचना दिली पाहिजे. यापुढं येण्याआधी पोस्टकार्ड टाकणार. पत्ता: कोंडीबा यांचा मेंढ्यांचा वाडा, तारळीकाठचं रान, उंब्रज. पोस्टमन ओळखीचा आहे.

२५ जानेवारी, शनिवार

काल पालीच्या यात्रेत खंडोबाचं लग्न लागलं. भंडाऱ्यानं सगळं गाव पिवळं झालं होतं, माझी बुलेटसुद्धा. गर्दीतनं गाडी काढली तरी एक माणूस बुजला नाही.

यात्रेत कोंडीबामामा भेटले. म्हणाले, वाड्यावर सोडतोस का? मी म्हटलं, बसा की! मला तेवढंच पाहिजे होतं. मागं बसवून गाडी ऐकवायची, यासारखी दुसरी संधी नाही. मामा फेटा एका हातानं धरून बसले. थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "झ्याक केलंस गड्या. गाडीवर बसून बोलाय येतंय की."

"मग! म्या म्हटलंच व्हतं."

"गुनाचं पोरगं हायस. घरात बी सगळ्यांचं तेच म्हननं हाय." मग मामा खाकरले. "देवाचं तर झालं. आता पौष सरला की..."

तेवढ्यात समोरनं मालट्रक आला, त्यात मधलं काही ऐकू आलं नाही. शेवटचं ऐकू आलं.

"...बार कवा उडवायचा?"

मी हसलोच. म्हटलं, "मामा, बाराचं आता नाव काढू नका. बार उडायचा न्हाई."

"आं?"

"न्हाई उडायचा. ह्या जन्मात न्हाई. कायमचा बंदोबस्त केलाय. आतनं बोल्ट मारलाय."

"बोल्ट मारलाय?"

"व्हय. पैल्यांदा हौस व्हती, खोटं कशाला बोलू. पन मानसास्नी तरास, मेंढरांस्नी तरास. कशाला पायजे असली भानगड?"

मामांनी फेटा डोक्यावर घट्ट दाबला. मग म्हणाले, "येकदा बी न्हाई म्हनतोस?"

"येकदा जरी उडाला ना मामा, तर मिशी उतरून तुमच्या हातात दीन!"

मला स्वतःच्या बोलण्याचाच अभिमान वाटला. माणसानं शब्द द्यावा तर असा. मामा म्हणाले, "बरं. मला हितंच उतरीव." वाडा अजून लांब होता. मी किती म्हटलं, पण ऐकेनात, तोंड फिरवून रानातनं चालायला लागले. यात्रेतली भजी बाधली असणार. उद्या पोटाचं औषध पाठवतो.

२ फेब्रुवारी, रविवार

काहीतरी बिनसलं आहे आणि काय ते समजत नाही.

रीतसर पोस्टकार्ड टाकून आज वाड्यावर गेलो. एका मेंढीच्या पायात काटा मोडला होता, तो काढला. मामा "हूं" आणि "न्हाई" याच्या पुढं बोलले नाहीत. मामींनी चहा विचारला नाही. कुत्रं माझ्या पोटरीला लागलं तरी त्याला कुणी हाड म्हटलं नाही. हरणाबाई माझ्याकडं पाठ करून लोकर पिंजत बसली होती. मी म्हटलं, "कशी हायेस?"

ती पाठमोरीच म्हणाली, "बोल्ट मारल्याल्या मानसानं इचारू नये."

म्हणजे बोल्टाची गोष्ट तिच्यापर्यंत पोचली. मशीनची बारीकसारीक माहिती घरात चर्चिली जाते याचं मला बरंच वाटलं. पण तिचा आवाज रडवेला का होता? आणि पोटाचं औषध न फोडता तसंच मेखेला टांगलेलं दिसलं.

निघताना पोस्टमन आला आणि माझं पोस्टकार्ड माझ्याच हातात देऊन गेला.

९ फेब्रुवारी, रविवार

आवाज होता तेव्हा शिव्या खाल्ल्या. आवाज बंद केला तर चहासुद्धा नाही. आता माणसानं करावं तरी काय?

मी फार विचार केला. एक शंका अशी की भारदस्त आवाज गेल्यावर गाडी त्यांना मरतुकडी वाटत असावी. गाडी मरतुकडी म्हणजे मालकही मरतुकडा. सयाजीला विचारलं. तो म्हणाला, "तूच काय तरी वंगाळ बोलला असशील."

"मी? मी फक्त सायलेन्सरबद्दल बोललो. यात्रेपासनं दुसरा विषयच न्हाई."

"त्येच म्हनतुया मी," सयाजी म्हणाला. "तुला दुसरा विषयच न्हाई."

१५ फेब्रुवारी, शनिवार

सयाजीनं आज बातमी आणली. हरणाबाईला जतकडचं स्थळ आलं आहे. पोराच्या घरचा कळप मोठा आहे. मामा शब्द द्यायला जाणार आहेत.

१६ फेब्रुवारी, रविवार

जेवलो नाही. डॉक्टरसाहेब म्हणाले, आजारी आहेस काय. मी हो म्हटलं.

मला हरणाबाई पाहिजे होती. आणखी काही लिहायला सुचत नाही. बेत सगळा बरोबर होता. आधी आवाज बंद करायचा, मग मनात भरायचं, मग आईला बोलवायचं. आवाज बंद झाला आणि तिथंच सगळं बंद झालं. कसं, ते देव जाणे. खिशात हात घातला की लोकर लागते आणि जास्तच वाईट वाटतं.

आता वाड्यावर जायचंच नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज गेलो. जावंच लागलं. मामांची एक मेंढी अडली म्हणून निरोप आला. कामाला नाही म्हणता येत नाही.

मामा घरी नव्हते. हात धुऊन, तेल लावून कोकरू फिरवून बाहेर काढलं. मेंढी वाचली, कोकरूही वाचलं. मामी बघत उभ्या होत्या. मी हात धुता धुता सहज म्हटलं, "मामी, आता तरी चहा टाका की."

तर मामींचा बांध फुटलाच.

"लाज न्हाई वाटत चहा मागाय? माझ्या पोरीच्या लग्नाचा बार उडवूया म्हणून आमचं मानूस आपनहून इचारतंय, आनि तू म्हनतोस ह्या जन्मात उडायचा न्हाई! लगीन म्हंजे भानगड व्हय रं? मिशी उतरून देतोस व्हय? कुनी मागितली हुती तुझी मिशी?"

मी साबणाचे हात तसेच धरून उभा राहिलो. लग्नाचा बार. आरं देवा. लग्नाचा बार! आमच्याकडं लहान पोरालासुद्धा कळतं की पोरीचा बाप बार उडवू म्हणाला की तो कशाचा. आणि मी गाढव, त्यांना बोल्ट सांगत बसलो.

"मामी, आवं, म्या गाडीचा बार म्हनत हुतो!"

"कुठल्या गाडीचा?"

"ह्या! ह्या बुलेटचा! पुंगळीचा! मला हरणाबाई पायजे मामी, पैल्यापासनं पायजे! तुमच्या पाया पडतो!"

मामी मटकन खाली बसल्या. पालामागनं हरणाबाई बाहेर आली. डोळे लाल, पण हसू दाबत होती की काय, नक्की सांगता येत नाही.

"आबा जतला शब्द द्याया निगाल्यात," ती म्हणाली. "कराडला गेल्यात, इट्याकडच्या इस्टीला. आता हितं काय बगताय? पळा की!"

कराडला पोचलो तर विट्याची एस.टी. सुटून गेलेली. ओगलेवाडीच्या पुढं लाल डबा दिसला. मागं धुळीचा लोट, समोरनं उसाच्या बैलगाड्या, त्यामुळं पुढं जाता येईना. हॉर्न वाजवला तर तो कोंबडीच्या पिलासारखा चिवचिवला. घसा फोडून "मामाऽ मामाऽ" केलं. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं मला हात हलवून रामराम केला. बसच्या खडखडाटात माझी बुलेट तर कुणाला ऐकूच येत नव्हती. इतकी छान नळी बसवली होती आम्ही!

गाडी थांबवली. पाना काढला, बोल्ट सोडला, टॉवेल गुंडाळून नळी उपसून काढली. टॉवेल जळला. नळी पिशवीत टाकली, पिशवीही जळली. किक मारली आणि पुंगळी अशी गरजली की बैल बुजले. बसच्या मागं लागलो, चालत्या गाडीत चावी बंद केली आणि परत फिरवली. आत साठलेलं पेट्रोल एकदम पेटलं.

धडाम्!

बस गचकन थांबली. ड्रायव्हर टायर फुटला म्हणून खाली उतरला, मागनं कंडक्टर, मागनं सगळी माणसं. त्यात कोंडीबामामा, फेटा सावरत.

"मामा!" मी ओरडलो. "बार उडवायचाय!"

मामा माझ्याकडं, मग पुंगळीकडं बघायला लागले. "उडीवलास की आत्ता."

"ह्यो न्हवं! लग्नाचा! त्या दिशी मला वाटलं तुमी गाडीचं इचारताय. म्या बोल्ट गाडीला मारलाय मामा, मला न्हाई!"

ड्रायव्हर, कंडक्टर, प्रवासी, सगळे गोल करून उभे. मामांच्या तोंडावर काही हलेना. मग त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या, पोट हलायला लागलं, आणि मामा रस्त्याच्या कडेला बसून इतके हसले की फेटा सुटून गळ्यात आला. "बोल्ट! आरं तिच्या मायला, बोल्ट!" डोळ्यांतनं पाणी. "आनि मी म्हनतोय, पोराला काय आजार हाय, दवाखान्यात काय करून घेटलं का काय!"

"मामा, शब्द दिलाय का तिकडं?"

"आरं, आजून इट्याला तरी पोचू दिलंस कुठं तू?"

कंडक्टर घंटीच्या दोरीकडं बोट करून म्हणाला, "पावणं, लगीन ठरलं आसंल तर वर या, न्हाई तर खाली ऱ्हावा. मला इट्याला जायचंय."

मामा खाली राहिले. त्यांना मागं बसवून, नळी न घालताच, सगळ्या मुलखाला ऐकू जाईल असे परत आलो. मी रडत होतो. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतं असं मामांना सांगितलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सयाजीच्या हाती आईला आटपाडीला निरोप धाडला. फाल्गुनात तिथी बघायची आहे. जतला मामांनी दुसऱ्या माणसाबरोबर नम्रपणे नकार कळवला. नळी परत घातली, कारण मेंढ्या व्यायच्या दिवसांत आहेत. नाथाजीला ही हकिगत सांगितली, तर तो म्हणतो लग्नाला लेथ बंद ठेवून येणार.

सगळ्यांनी मिळून सगळं ठरवलं. मग माझ्या ध्यानात आलं, की जिचं लग्न तिला कुणी विचारलंच नाही. ते मला बरं वाटेना. आज तिसऱ्या प्रहरी नदीवर गेलो. हरणाबाई मेंढरांना पाणी पाजत होती. नळी घातल्यामुळं मी आलेलं तिला कळलं नाही, पण आज रागावली नाही.

मी सरळच विचारलं. "हरणाबाई, सगळी हो म्हनत्यात. तुझं काय? तुझ्या मनात काय हाय त्ये मला कवा कळलंच न्हाई. आज सांग."

तिनं हातातली काठी खाली टेकवली. मग हसली, इतकी हसली की पाणी पिणारी मेंढरं माना वर करून बघायला लागली.

"मी तर कवाधरनं कान लावून बसलीया," ती म्हणाली. "ऐकू येत न्हाई त्ये तुमास्नी."

तिला हे कसं कळलं कोण जाणे, पण खोटं नसावं. त्या पुंगळीनं माझ्या कानांवर परिणाम केला असणार. लग्नाआधी एकदा कराडला जाऊन कान दाखवून यायला पाहिजेत.